चकतीवरची तुकडेजोड : प्रस्तावना

विंडोज ९५ किंवा ९८ वर संगणक शिकलेल्या पिढीला ‘डिस्क डिफ्रॅगमेंटर’ म्हटले की रंगीत चौकोनांचा पडदा आठवतो. स्टार्ट, प्रोग्राम्स, अ‍ॅक्सेसरीज, सिस्टिम टूल्स असा रस्ता, ‘शो डिटेल्स’वर एक क्लिक, आणि मग तासन्‌तास इकडून तिकडे सरकणारे ठिपके. मध्येच एखाद्या प्रोग्रामने डिस्कवर काही लिहिले की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. म्हणून स्क्रीनसेव्हर बंद करायचा, माउसला कुणी हात लावू नका असे घरात बजावायचे आणि झोपायला जायचे. महाराष्ट्रात त्यात लोडशेडिंगची धास्ती. एवढे करून नेमके काय साधले, हे मात्र फार थोड्यांना सांगता आले असते. संगणक ‘हलका’ झाला, एवढ्यावर समाधान होई.

पुढे तो पडदा गेला. विंडोजमधल्या बटणावर आता ‘ऑप्टिमाइझ’ लिहिलेले असते, आणि बहुतेकांना ते दाबावेही लागत नाही. ठरलेल्या वेळी यंत्रणा आपले आपण काम उरकते. काम दिसेनासे झाले तसे त्यामागचे कारणही विसरले गेले, आणि रिकाम्या जागेत समजुती शिरल्या. कुणी नव्या लॅपटॉपच्या एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या साठ्यावर, दर महिन्याला जुन्या सवयीने डिफ्रॅग चालवतो. कुणी ऐकीव माहितीवर ते सगळीकडेच बंद करून टाकतो आणि फोटोंनी भरलेली जुनी एक्स्टर्नल डिस्क का रडतखडत चालते, याचे नवल करतो. डिस्कवर काय चालते, ते का करावे लागते, कुठे करावे आणि कुठे करू नये, एवढे मराठीत नीट सांगणारे एक पुस्तक असावे, या गरजेतून हे लेखन झाले.

सुरुवात यंत्रापासून करणे बरे. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकी थर दिलेल्या, एकाच दांड्यावर गरगर फिरणाऱ्या चकत्या. चकतीच्या प्रत्येक बाजूवर एकेक हेड तरंगत असते, आणि सगळी हेड एकाच हातावर बसवलेली असल्यामुळे ती एकत्रच आत-बाहेर सरकतात. एखादी नोंद वाचायची तर आधी हात योग्य ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या वर्तुळाकार पट्ट्यावर, न्यावा लागतो, आणि मग त्या पट्ट्याचा हवा तो भाग, म्हणजे सेक्टर, फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सरासरी ताटकळणे ४ मिलिसेकंदांच्या थोडे वर. हात सरकायला साधारण ८ ते १० मिलिसेकंद. दोन्ही मिळून १२ ते १४ मिलिसेकंद गेले आणि अजून एक अक्षरही वाचून झालेले नाही. सेकंदाला १५० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कने तेवढ्या वेळात ओळीने मांडलेली जवळजवळ २ मेगाबाइट माहिती वाचून संपवली असती.

या विषयातले सगळे अर्थकारण या दोन आकड्यांच्या तफावतीत आहे. १० मेगाबाइटची फाइल सलग पडली असेल तर ती सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत हाती येते. तीच फाइल दूरदूर पसरलेल्या ५०० तुकड्यांत असेल तर केवळ हात हलवण्यात आणि वाट पाहण्यात ६ सेकंदांहून अधिक जातात. फाइल तीच, डिस्क तीच, माहितीचा एक बाइटही कमीजास्त नाही. वेळ खर्ची पडला तो तुकड्यांमधल्या प्रवासात.

तुकडे पडतात कसे, हे सांगण्यासाठी पुस्तकभर मी एकच दृष्टांत हाताशी ठेवला आहे, तो शेतजमिनीचा. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्या की एकाच शेतकऱ्याच्या नावावर गावाच्या चार दिशांना चार तुकडे येतात. एकूण क्षेत्र तेवढेच भरते. फुकट जाते ते औत आणि पाणी घेऊन एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाणे. डिस्कवर वाटण्यांची जागा पुसणे आणि लिहिणे घेते. आज दहा फाइली लिहिल्या, उद्या त्यातल्या चार पुसल्या, परवा त्या मोकळ्या झालेल्या चार जागांत न मावणारी एक मोठी फाइल आली. यंत्रणा तिचे भाग करते आणि जिथे जागा सापडेल तिथे बसवते. कुठला भाग कुठे आहे याची नोंद वेगळ्या कोष्टकात ठेवली जाते, तलाठ्याच्या दप्तरात असते तशी. दप्तर चोख असेल तोवर फाइल हरवत नाही, फक्त ती गोळा करायला उशीर होतो.

शेतजमिनीच्या तुकड्यांबाबत १९४७ साली मुंबई प्रांतात जो कायदा झाला त्याच्या नावातच दोन वेगळे उपाय होते: तुकडे पडू न देणे आणि पडलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण करणे. त्यासाठी कायद्याने ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवण्याची सोय केली, म्हणजे त्याहून लहान तुकडा करता येऊ नये. ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. डिस्कच्या जगातही अगदी हेच दोन पक्ष उभे राहिले, आणि तिथेही सर्वांत लहान वाटप किती असावे, यावर पुष्कळ खल झाला. त्या सर्वांत लहान वाटपाला क्लस्टर म्हणतात. तो फार मोठा ठेवला की जागा वाया जाते. फॅट-१६ या, पुढे भेटणाऱ्या, पद्धतीच्या २ गिगाबाइटच्या विभागात १ किलोबाइटची चिठ्ठीसुद्धा ३२ किलोबाइट अडवून बसे. फार लहान ठेवला की तुकडे वाढतात. या ओढाताणीतून कुठलीही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, सुटलेली नाही.

इतिहास १९५६ पासून सांगता येतो. त्या वर्षी आयबीएमने ३०५ रॅमॅक हे यंत्र आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि एवढ्या पसाऱ्यात ५० लाख अक्षरे मावत. हवी ती नोंद मधूनच उचलता येणे ही त्या काळात क्रांती होती, कारण तोवर टेप सुरुवातीपासून उलगडत न्यावी लागे. कुठूनही वाचता येते म्हटल्यावर कुठेही लिहिण्याची मुभा मिळाली, आणि तुकड्यांचा प्रश्न त्या मुभेबरोबरच आला.

घरगुती संगणकांपर्यंत तो पोहोचला फॅट या पद्धतीतून. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ च्या सुमारास तिचा पाया घातला, आणि १९८१ पासून ती एमएस-डॉसबरोबर जगभर गेली. रचना साधी होती. प्रत्येक क्लस्टरसमोर ‘पुढचा भाग अमुक ठिकाणी’ एवढेच लिहायचे. फ्लॉपीसाठी ते पुरेसे होते. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क टेबलावर आली, आणि तीच साधी रचना वर्षानुवर्षे वापरात राहणाऱ्या डिस्कवर चालवायची वेळ आली. तुकड्यांचे ढीग साचू लागले, आणि त्यावर इलाज विकणारा एक धंदाच जन्माला आला. पीटर नॉर्टन यांच्या ‘नॉर्टन युटिलिटीज’मधील ‘स्पीड डिस्क’ हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. १९९० मध्ये नॉर्टन यांची कंपनी सिमँटेकने घेतली, आणि १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडूनच परवाना घेऊन ‘डिफ्रॅग’ ही आज्ञा दिली. रंगीत चौकोनांचे घराणे ते.

मोठ्या संगणकांवर हीच गोष्ट समांतर चालू होती. कॅलिफोर्नियातल्या एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअर या कंपनीने १९८६ मध्ये व्हॅक्स संगणकांसाठी ‘डिस्ककीपर’ काढले. काम चालू असताना, यंत्र बंद न करता तुकडे जोडायचे, हे त्याचे वैशिष्ट्य. विंडोज एनटी ४ मध्ये, १९९६ साली, मायक्रोसॉफ्टने फाइलचे भाग सुरक्षितपणे हलवण्याची सोय खुद्द ऑपरेटिंग सिस्टिममध्येच केली: आधी भाग नव्या जागी उतरवायचा, मग नोंद बदलायची, आणि त्यानंतरच जुनी जागा मोकळी करायची. मध्येच वीज गेली तरी दप्तर खोटे ठरू नये, हा हेतू. विंडोज २००० मधले डिफ्रॅग साधन हे डिस्ककीपरचेच छोटे रूप होते. त्यावरून जर्मनीत वाद पेटला, कारण कंपनीचे प्रमुख क्रेग जेन्सन सायंटॉलॉजी पंथाचे होते आणि तिथल्या यंत्रणांना त्या पंथाविषयी संशय होता. शेवटी ते साधन काढून कसे टाकावे, याच्या सूचना मायक्रोसॉफ्टला प्रसिद्ध कराव्या लागल्या. पंथाचा भाग बाजूला ठेवला तरी या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते: डिस्कवरचा कुठलाही बाइट उचलून हलवण्याचा अधिकार ज्या प्रोग्रामला देतो, त्याच्यावरचा विश्वास हा हिशेबातला भाग असतो. आज ‘पीसी सुसाट करा’ म्हणून फुकट मिळणारी साधने बसवताना हा हिशेब कुणी करत नाही.

हा झाला इलाजाचा पक्ष: तुकडे पडणारच, पडले की जोडा. दुसरा पक्ष विद्यापीठांतून आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत मार्शल कर्क मॅक्युसिक, विल्यम जॉय, सॅम्युएल लेफलर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी युनिक्सच्या जुन्या फाइल सिस्टिमची तपासणी केली. कोऱ्या डिस्कवर ती सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत वाचत असे. काही आठवड्यांच्या मध्यम वापरानंतर तो वेग ३० किलोबाइटवर येई. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नवी रचना होती. डिस्कचे गट पाडायचे, एका फोल्डरमधल्या फाइली शक्यतो एकाच गटात ठेवायच्या, आणि डिस्कचा १० टक्के भाग मोकळा राखायचा, म्हणजे नव्या फाइलीला सलग जागा शोधायला वाव राहतो. तुकडेबंदी ती हीच. पुढे सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस आली, लिनक्सची एक्स्ट-४ आली. त्यांनी आणखी एक शहाणपण दाखवले: फाइल लिहायला घेतल्याबरोबर जागा नेमून द्यायची नाही, ती किती मोठी होते आहे याचा अंदाज येईपर्यंत माहिती मेमरीत धरून ठेवायची आणि मग एकदम सलग पट्टा द्यायचा.

‘लिनक्सला डिफ्रॅग लागत नाही’ हे वाक्य या पक्षाच्या आत्मविश्वासातून आले. ते बहुतांशी खरे आहे. पूर्ण खरे नाही. एक्सएफएस आणि एक्स्ट-४ या दोहोंबरोबर तुकडे जोडणारी साधने मिळतात, यातच काय ते आले. एकेकाळी पुण्यात मोठे विकासकेंद्र असलेल्या व्हेरिटास कंपनीची फाइल सिस्टिमही सलग पट्ट्यांवर उभी, पण तिलाही चालू यंत्रावर तुकडे जोडणारी आज्ञा द्यावीच लागली. २०१७ मध्ये एका संशोधकगटाने अनेक आधुनिक फाइल सिस्टिम मुद्दाम ‘म्हाताऱ्या’ केल्या, म्हणजे प्रोग्रामर मंडळी रोज करतात तसे बदल हजारो वेळा त्यांच्यावर केले. वयाबरोबर त्या मंदावतात, असेच दिसले. काही प्रमाणात एसएसडीवरसुद्धा. डिस्क भरत आली की कुठल्याही तुकडेबंदीचे हात बांधले जातात. ज्याला जागाच उरली नाही, तो सलग पट्टा आणणार कुठून?

या दोन पक्षांत पुढे तिसऱ्याची भर पडली. त्याला फाइल सलग आहे की नाही यापेक्षा ती कशी वापरली जाते याची जास्त फिकीर असते. आणि इथे, मी राहतो त्या कॅनडातल्या विनिपेग शहराची जमीन दृष्टांत म्हणून कामाला येते. रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या काठी मेटी लोकांच्या (आदिवासी आणि युरोपीय मिश्र वंशाच्या समाजाच्या) वसाहतींच्या जमिनी लांबट पट्ट्यांच्या होत्या: नदीवर थोडीशी रुंदी आणि मागे सुमारे २ मैल खोली. नकाशावर त्या विचित्र दिसतात. पण प्रत्येक घराला त्याच पट्ट्यात पाणी मिळे, शेत मिळे, मागे गवत मिळे, आणि शेजारही जवळ राही. कॅनडा सरकारच्या मोजणीदारांना चौकोन हवे होते. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी, आज विनिपेगमध्ये असलेल्या सेंट व्हायटल भागात, मेटींचा पुढारी लुई रिएल आणि त्याच्या सोबत्यांनी मोजणीची साखळी अडवली. पुढे प्रेअरीवर ६ मैल बाजूच्या टाउनशिप आणि प्रत्येकी एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन आखले गेलेच, पण सेंट व्हायटल आणि सेंट बॉनिफेसच्या रस्त्यांत जुन्या पट्ट्यांची दिशा अजून ओळखू येते. त्या वादातला राजकीय आशय फार मोठा आहे आणि तो या पुस्तकाच्या कक्षेत नाही. आपल्या कामापुरता मुद्दा असा, की ‘जवळ’ कशाला म्हणायचे हे वापरणाऱ्याच्या रोजच्या वाटेवरून ठरते, कागदावरच्या नीटनेटकेपणावरून ठरत नाही.

विंडोज ९८ ने नेमके हेच केले. कुठला प्रोग्राम सुरू होताना कुठल्या फाइली कोणत्या क्रमाने मागतो याची नोंद ठेवायची आणि डिफ्रॅगच्या वेळी त्या क्रमाने मांडायच्या. विंडोज एक्सपीने संगणक सुरू होतानाच्या फाइलींसाठी हीच युक्ती पडद्याआड चालवली. अ‍ॅपलने २००३ च्या पँथर आवृत्तीत २० मेगाबाइटपेक्षा लहान पण फार तुकडे पडलेली फाइल उघडताच ती गुपचूप जोडून ठेवायला सुरुवात केली, आणि वारंवार लागणाऱ्या फाइली डिस्कच्या वेगवान भागात नेल्या. डिस्कच्या बाहेरच्या ट्रॅकवर एका फेऱ्यात जास्त माहिती मावते, म्हणून तो भाग वेगवान. म्हणजे इथेही सगळी जमीन सारख्या कसाची नाही. व्हिस्टाने उलट्या बाजूने विचार केला: ६४ मेगाबाइटपेक्षा मोठे तुकडे जोडायचेच नाहीत. एवढा तुकडा वाचायला जो वेळ लागतो त्यापुढे हात हलवण्याचे १२ मिलिसेकंद नगण्य असतात. कुठे थांबायचे, हे या व्यवसायाला तेव्हा कळले. पडद्यावरचे सगळे चौकोन एका रंगाचे व्हावेत, ही हौस वापरणाऱ्याची होती. डिस्कला तिची गरज नव्हती.

चौथा एक विचार १९९० च्या आगेमागे मेंडेल रोझनब्लम आणि जॉन औस्टरहाउट यांनी मांडला. जुन्या जागी दुरुस्ती करूच नये, जे लिहायचे ते डिस्कवर पुढे पुढे लिहीत जावे, आणि मागे राहिलेल्या निरुपयोगी भागांची सफाई सवडीने करावी. हार्ड डिस्कच्या काळात हा पंथ फारसा पसरला नाही. पण आज जिच्यावर बहुतेक लॅपटॉप चालतात त्या एसएसडीच्या पोटात याच विचाराचे राज्य आहे.

एसएसडीने या सगळ्या इतिहासाचा आधारच काढून घेतला. तिच्यात फिरणारी चकती नाही, सरकणारा हात नाही. कुठल्याही पानावर जायला जवळजवळ सारखाच, मिलिसेकंदाच्या लहानशा अंशाएवढा वेळ. शेत चार दिशांना असले तरी चालत जावे लागत नसेल, तर एकत्रीकरण कशासाठी? शिवाय इथे हलवण्याची किंमत पडते. फ्लॅश मेमरीतली पाने पुसायची तर एक मोठा खंडच पुसावा लागतो, आणि प्रत्येक खंडाला लिहिण्या-पुसण्याच्या फेऱ्यांची मर्यादा असते. झीज सारखी वाटली जावी म्हणून एसएसडीचा नियंत्रक माहिती आतल्या आत स्वतःच्या मर्जीने ठेवतो. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमला जे सलग दिसते ते प्रत्यक्षात सलग असेलच असे नाही. विंडोज ७ ने २००९ मध्ये एसएसडी ओळखून तिच्यापुरते ठरलेले डिफ्रॅग बंद केले. त्याऐवजी ‘ट्रिम’ पाठवले जाते, म्हणजे कुठली जागा आता मोकळी धरायची हे नियंत्रकाला कळवले जाते. तरीही विषय पुरता संपत नाही. तुकडे हजारोंनी वाढले की नोंदींचे दप्तरच फुगते, आणि ते चाळायला प्रोसेसरला वेळ लागतो. म्हणून रिस्टोअर पॉइंट चालू असतील तर विंडोज एसएसडीवरही क्वचित, मोजून-मापून तुकडे जोडते. ते तिच्यावर सोपवावे. आपण वेगळे साधन आणून त्यात भर घालू नये, असे माझे मत आहे.

मग आज हा विषय कुणाच्या कामाचा? विनिपेगपुरते बोलायचे तर पुष्कळांच्या. दक्षिण विनिपेगमधल्या मराठी घरांत नवा लॅपटॉप एसएसडीचा असतो, पण बेसमेंटमधल्या कपाटात एक-दोन टेराबाइटच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्क असतात: बारशापासूनचे फोटो, गावाकडच्या लग्नाचे व्हिडिओ, आईबाबा सुपर व्हिसावर आले तेव्हाच्या आठवणी. शिकायला आलेली मुले जुना डेस्कटॉप विकत घेतात, आणि त्यात बहुधा चकतीवालीच डिस्क निघते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-मदत संपली, आणि विंडोज ११ न चालणारी असंख्य यंत्रे एका दिवसात ‘जुनी’ झाली. ती फेकायची, की लिनक्स घालून आणखी काही वर्षे वापरायची, हा प्रश्न घरोघरी आहे. ज्याला यंत्र मंद का आहे याचे निदान करता येते, त्याला ठरवणे सोपे जाते. तुकडे जोडून फरक पडणार आहे, की हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणेच शहाणपणाचे, की खरी अडचण अपुऱ्या मेमरीची आहे, हे तपासून बघता येते. बहुतेक वेळा उत्तर एसएसडी असे येते, आणि डिफ्रॅगवरच्या पुस्तकानेही ते स्वच्छ सांगितले पाहिजे.

या शहराच्या हवामानाने काही नियम आपोआप घालून दिले आहेत. उणे ३० अंशांच्या रात्री गाडीत राहिलेली डिस्क घरात आणून लगेच जोडू नये. गार धातूवर घरातल्या उबदार हवेतले पाणी धरते, आणि हेड चकतीपासून केसाच्या जाडीच्या लहानशा अंशाएवढेच वर तरंगत असते. डिस्क बंद पिशवीत ठेवून घरच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच चालू करावी. हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की गालिच्यावरून चालत आलेल्या बोटातून ठिणगी उडते. उघड्या सर्किटला हात लावण्याआधी अंगातली ही स्थिर वीज जमिनीत सोडून द्यावी लागते. तासन्‌तास चालणारे डिफ्रॅग हे डिस्कला कष्टाचे काम आहे, म्हणून ही पथ्ये त्याच्या आधी येतात.

डिफ्रॅग काय करत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. ते खराब झालेले सेक्टर बरे करत नाही. व्हायरस काढत नाही. डिस्कवर जागा वाढवत नाही. फाइली फोल्डरांत नीट लावून देत नाही, कारण ते जी मांडणी बदलते ती आपल्या नजरेस पडणारी नसतेच. आणि डिस्क खरडल्यासारखा आवाज करू लागली असेल तर डिफ्रॅग चालवणे म्हणजे आजाऱ्याला पळवणे. तिथे आधी बॅकअप. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुकून एखादी फाइल पुसली गेली असेल तर डिफ्रॅगला हात लावू नये. हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाइलीची फक्त नोंद गेलेली असते, माहिती बराच काळ जागेवर पडून असते. तुकडे हलवणारे साधन नेमकी तीच ‘मोकळी’ जागा वापरते, आणि परत मिळण्याची आशा संपते. याच कारणाने न्यायवैद्यक तपासाला तुकड्यांचा अभ्यास फार जवळचा आहे. सिमसन गार्फिंकेल यांनी बाजारातून घेतलेल्या शेकडो वापरलेल्या डिस्क तपासून २००७ साली दाखवले की एकूण फाइलींत तुकडे पडलेल्या थोड्याच असतात, पण ई-मेलच्या साठ्यासारख्या सतत वाढणाऱ्या फाइलींत त्यांचे प्रमाण फार मोठे असते. पुसलेली माहिती डिस्कवर शिल्लक राहते, हे वापरलेला संगणक विकताना लक्षात ठेवावे.

बाजारात आलेल्या काही मोठ्या, स्वस्त हार्ड डिस्कनी आणखी एक वळण आणले आहे. त्यांच्यात जागा वाचवण्यासाठी एका ट्रॅकची कड दुसऱ्यावर चढवलेली असते, म्हणून मधला एक भाग बदलायचा तर शेजारचा मोठा पट्टाच पुन्हा लिहावा लागतो. चकती फिरते, हात सरकतो, तरीही अशा डिस्कवर सरसकट डिफ्रॅग चालवणे महागात पडते. म्हणजे ‘हार्ड डिस्क असेल तर करा, एसएसडी असेल तर करू नका’ हा सोपा नियमही पुरत नाही.

या पुस्तकाची आखणी म्हणूनच नियमांभोवती केलेली नाही. साधने बदलतील, बटणांची नावे बदलतील. खर्च कुठे पडतो हे शोधण्याची रीत बदलणार नाही. वाचकाला प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारायला लावणे, हा पुस्तकाचा खटाटोप आहे: पुढच्या तुकड्यापर्यंत पोहोचायला इथे काय हलावे लागते, आणि तुकडा हलवायला काय मोजावे लागते? पहिली किंमत दुसरीपेक्षा जास्त असेल तर जोडावे, नसेल तर सोडून द्यावे. फिरत्या चकतीला, एसएसडीला, घरातल्या नॅसला (नेटवर्कवर जोडलेल्या साठ्याला), दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डिस्कला आणि एखाद्या बँकेच्या डेटाबेसलाही हा प्रश्न लागू पडतो. उत्तरे मात्र वेगवेगळी येतात. पुस्तकातले प्रयोग घरच्या संगणकावर करता येतील असे निवडले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी आधी मोजा, मग हलवा, मग पुन्हा मोजा हा क्रम ठेवला आहे. मोजल्याशिवाय ‘हलका’ झालेला संगणक बहुधा मनातच हलका झालेला असतो.

परिभाषेबाबत कसला आग्रह धरलेला नाही. दुरुस्तीच्या दुकानात आणि घरात लोक हार्ड डिस्क, फाइल, क्लस्टर, बॅकअप असेच म्हणतात, तसेच इथे लिहिले आहे. प्रोग्रामिंग येत नसलेल्या वाचकाला अडेल असे काही राहू नये याची काळजी घेतली आहे. ज्याला येते त्याच्यासाठी फाइल सिस्टिमच्या अंतर्रचनेचा भाग अधिक खोल नेला आहे. तो भाग वगळला तरी पुढचे वाचन अडत नाही. डेटाबेसच्या आतली तुकडेजोड आणि मेमरीचे तुकडे हे दोन मोठे विषय ओझरते आले आहेत, कारण त्यांना स्वतंत्र पुस्तकच न्याय देऊ शकेल.

आपल्या घरातल्या जुन्या डिस्क विश्वासाने हाती देणाऱ्या इथल्या मराठी कुटुंबांचा मी ऋणी आहे. त्या डिस्कवरची कुठलीही खासगी गोष्ट या पानांत आलेली नाही. आले आहेत ते फक्त तुकडे किती आणि ते जोडल्यावर वेळ किती वाचला याचे हिशेब. काही हिशेबांत वाचलेला वेळ शून्य आहे. तेही तसेच ठेवले आहेत, कारण कुठे काही करू नये हे कळणे हा या विद्येचा निम्मा भाग आहे.

विनिपेग, मॅनिटोबा